वेशीवरचा निरोप, गावातली दवंडी: सायक्लिक एएमपी पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी

अकरावीच्या जीवशास्त्रात संप्रेरकांच्या धड्यात एक ओळ येते: काही संप्रेरकं पेशीच्या आत जात नाहीत, ती दुय्यम दूतामार्फत काम करतात, उदाहरणार्थ सायक्लिक एएमपी. झालं. पुस्तक लगेच पुढच्या मुद्द्याकडं वळतं. आमच्या लातुरात नीटची तयारी करणारी पोरं मग ती साखळी वारांच्या नावांसारखी पाठ करतात. संप्रेरक, रिसेप्टर, जी प्रोटीन, ॲडेनिलिल सायक्लेज, सायक्लिक एएमपी, प्रोटीन कायनेज ए. चार पर्यायांतला बरोबर गोळाही काळा होतो. पण पटकीच्या, म्हणजे कॉलराच्या, रोग्याच्या अंगातलं पाणी एवढं का वाहून जातं, असं विचारलं की वर्ग गप्प.

मीही असंच पाठ केलं होतं. बीएस्सीच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढं साखळी धडाधड म्हणून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुरू कसं होतं ते सांगितलंस. बंद कसं होतं?" माझी दातखीळ बसली. घशाला कोरड पडली ती आजही आठवते.

तेव्हापासून हा विषय शिकवताना मी बंद होण्यावर जास्त वेळ घालवतो. पेशीत निरोप पोचतो कसा हे कुणीही सांगेल. तो विझतो कसा हे कळलं की आजार कळतो आणि औषधही कळतं.

सामान फार लागत नाही. एक कोरा कागद आडवा धरा, निळा पेन घ्या, लाल पेन घ्या, तासभर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. निळ्यानं सुरू होण्याचे बाण काढायचे. प्रत्येक निळ्या बाणाशेजारी बोटभर जागा मोकळी सोडायची, तिथं लाल बाण येणार आहे. एकही जागा शेवटी रिकामी राहिली, तर धडा झालेला नाही असं समजा.

पायरी पहिली: नावातली गाठ सोडवा

एटीपी सगळ्यांना ठाऊक असतं, पेशीचं चलन म्हणून. त्याला तीन फॉस्फेट. त्यातले दोन एकदम तोडले की उरतो एक, म्हणजे एएमपी. आता "सायक्लिक" म्हणजे काय? एएमपीतला फॉस्फेट रायबोज शर्करेच्या पाचव्या क्रमांकाच्या कार्बनला लोंबत असतो. सायक्लिक एएमपीत त्याच फॉस्फेटचं दुसरं टोक वळवून त्याच शर्करेच्या तिसऱ्या कार्बनला बांधलेलं असतं. दोरीचं टोक वळवून वेटोळं केल्यासारखं. सगळा फरक त्या एका गाठीचा.

कागदाच्या एका कोपऱ्यात हे वेटोळं काढा. शेजारी लगेच लाल पेनानं लिहा: "फॉस्फोडायएस्टरेज". हे एन्झाइम तिसऱ्या कार्बनवरची गाठ कापतं, वेटोळं उलगडतं आणि साधा एएमपी उरतो. साध्या एएमपीला हा निरोप म्हणून कुणी ओळखत नाही. पहिला लाल बाण मी मुद्दाम इथंच काढायला लावतो, कारण हा सगळ्यात सोपा आहे आणि तोच सगळे विसरतात.

पायरी दुसरी: वेस काढा

कागदाच्या मधोमध मोठा गोल काढा. हे पेशीपटल. ते स्निग्ध पदार्थांचं असतं, दोन थरांचं. पाण्यात विरघळणारी संप्रेरकं त्यातून आत जाऊ शकत नाहीत: ॲड्रेनॅलिन, ग्लुकॅगॉन, मूत्र अडवणारं व्हॅसोप्रेसिन, थायरॉइडला हलवणारं टीएसएच. स्टेरॉइड संप्रेरकं स्निग्ध असल्यामुळं सरळ आत घुसतात, त्यांना दुय्यम दूत लागत नाही. थायरॉक्सिनही आत जाऊनच काम करतं. म्हणजे थायरॉइडला हुकूम देणारं टीएसएच बाहेर थांबतं आणि थायरॉइडनं सोडलेलं थायरॉक्सिन आत जातं. परीक्षेत इथं हमखास फसवतात.

मी वर्गात गावाची उपमा देतो. तालुक्याहून आलेला माणूस वेशीवर थांबला. निरोप वेशीवर दिला. आत हलगी वाजली, दवंडी फिरली आणि घराघरांत ज्याचं त्याचं काम सुरू झालं. वेशीबाहेर थांबवणं ही आपल्याकडं साधी गोष्ट नव्हती, हे मला माहीत आहे. इथं तो शब्द स्निग्ध भिंतीपुरताच घ्या.

या उपमेत पोरं एक चूक नेहमी करतात. सायक्लिक एएमपी म्हणजे हलगी वाजवणारा माणूस, असं धरतात. तो माणूस म्हणजे ॲडेनिलिल सायक्लेज, आणि तो वेशीलाच चिकटून उभा असतो, हलत नाही. सायक्लिक एएमपी म्हणजे हलगीचा आवाज. एका जागी निघतो, गावभर पसरतो आणि निघणं थांबलं की विरतो.

पायरी तिसरी: वेशीवर काय घडतं

इथं तीन पात्रं आहेत, तिन्ही पटलातच.

पहिला रिसेप्टर. पटलातून सात वेळा आतबाहेर शिवलेला प्रथिनाचा धागा समजा. बाहेरच्या तोंडाला संप्रेरक बसलं की आतलं तोंड आकार बदलतं.

दुसरं जी प्रोटीन. त्याचे तीन तुकडे, अल्फा, बीटा, गॅमा. निवांत असताना अल्फाच्या मुठीत जीडीपी असतो, एटीपीच्या भावकीतला पण दोन फॉस्फेटांचा रेणू; त्याला तीन फॉस्फेट असले की तो जीटीपी. रिसेप्टरनं आकार बदलला की अल्फा जीडीपी सोडतो, जीटीपी पकडतो आणि बीटा-गॅमापासून सुटून पटलाच्या आतल्या बाजूनं सरकत निघतो. घाईत सगळे लिहितात की जीडीपीला फॉस्फेट जोडून जीटीपी होतो. तसं होत नाही. जुना टाकून नवा उचलला जातो. अदलाबदल, डागडुजी नव्हे.

तिसरा तो हलगीवाला, ॲडेनिलिल सायक्लेज. जीटीपी धरलेला अल्फा येऊन टेकला की तो एटीपी घेतो, दोन फॉस्फेट बाजूला टाकतो आणि वेटोळी बनवायला लागतो. एक नव्हे, भराभर. एक संप्रेरक रिसेप्टरवर बसलेलं असेपर्यंत अनेक जी प्रोटीनं जागी होतात, प्रत्येकामुळं एक सायक्लेज चालू होतं आणि प्रत्येक सायक्लेजमधून सायक्लिक एएमपीचे ढीग पडतात. काही सेकंदांत पेशीतलं प्रमाण वीसपटीच्याही वर जाऊ शकतं. रक्तात चिमूटभर ॲड्रेनॅलिन सुटून सगळं अंग हादरतं ते या गुणाकारामुळं.

चौथं पात्र काही वेशींवर असतं, तेही काढून ठेवा. जी प्रोटीनचे प्रकार असतात. सायक्लेजला चेतवणाऱ्याला जीएस म्हणतात, दाबणाऱ्याला जीआय. म्हणजे एकाच गावाला दोन वेशी, एकीवरून "वाजव", दुसरीवरून "थांब". हृदयावर ॲड्रेनॅलिन जीएसमधून वेग वाढवतं, तर ॲसिटिलकोलीन जीआयमधून वेग उतरवायला मदत करतं. डांग्या खोकल्याच्या जिवाणूचं विष नेमकं जीआयला निकामी करतं.

हे सगळं एका बैठकीत कुणाला सुचलेलं नाही. अर्ल सदरलँड हे शास्त्रज्ञ अमेरिकेत क्लीव्हलँडमध्ये थिओडोर रॉल यांच्यासोबत कुत्र्याच्या यकृतावर काम करत होते. ॲड्रेनॅलिन आणि ग्लुकॅगॉन यकृतातल्या ग्लायकोजेनची साखर कशी करतात, हा प्रश्न. त्यांनी यकृताच्या पेशी फोडल्या, पटलाचे तुकडे वेगळे काढले, त्यावर संप्रेरक आणि एटीपी घातलं, मग ते मिश्रण तापवलं. प्रथिनं तापवल्यावर मरतात. पण त्या तापवलेल्या पाण्याचा थेंब पटल काढून टाकलेल्या द्रवात घातला आणि संप्रेरकाचं काम तिथं घडलं. याचा अर्थ पटलापाशी काहीतरी छोटं, उष्णतेला न भिणारं तयार झालं होतं. १९५७ च्या सुमाराला हे छापून आलं. त्याच काळात डेव्हिड लिपकिन हे रसायनज्ञ एटीपीवर बेरियम हायड्रॉक्साइडचा प्रयोग करताना एका विचित्र पदार्थावर अडले होते. सदरलँड आणि लिपकिन, दोघांनीही एकाच माणसाला, एन्झाइमांचे जाणकार लिओन हेपेल यांना पत्र लिहिलं. टेबलावरची दोन पत्रं वाचताना हेपेल यांच्या लक्षात आलं की दोघांच्या हाती एकच रेणू आहे. दूताची ओळख पटली तीही पत्रांमुळं, हे मला फार आवडतं.

सदरलँड यांना १९७१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं, एकट्याला. मधलं जी प्रोटीन मार्टिन रॉडबेल आणि आल्फ्रेड गिलमन यांनी शोधलं, त्यांचं नोबेल १९९४ चं. रिसेप्टरसाठी लेफकोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ मध्ये रसायनशास्त्राचं मिळालं. शोध आतून बाहेर लागत गेला. आपण मात्र बाहेरून आत शिकतो.

पायरी चौथी: दवंडी एक, घरं वेगळी

सायक्लिक एएमपी पेशीत पसरलं. ऐकणार कोण? बहुतेक वेळा प्रोटीन कायनेज ए. त्याचे चार तुकडे असतात: दोन कामकरी, दोन त्यांना धरून बसलेले राखणदार. चार सायक्लिक एएमपी येऊन राखणदारांवर बसले, प्रत्येकी दोन, की पकड सुटते आणि कामकरी मोकळे होतात. ते दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवत सुटतात. फॉस्फेट चिकटला की कुणी जागं होतं, कुणी झोपतं.

ग्लुकॅगॉनचं उदाहरण पुस्तकात असतंच. बराच वेळ पोटात अन्न नाही, रक्तातली साखर उतरते, ग्लुकॅगॉन यकृताच्या वेशीवर येतं, शेवटी फॉस्फोरिलेज जागं होतं आणि ग्लायकोजेनमधून साखर सुटते. त्याच वेळी ग्लायकोजेन बनवणारं एन्झाइम फॉस्फेट लागून झोपतं. एका हातानं कोठार उघडायचं, दुसऱ्या हातानं भरणं थांबवायचं. एकादशीचं उदाहरण मी पूर्वी द्यायचो, आता देत नाही. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी. एकादशी आणि दुप्पट खाशी. ग्लुकॅगॉनला कामच उरत नाही.

दवंडी एकच असूनही हृदय जोरात धडधडतं आणि त्याच वेळी श्वासनळीचे स्नायू सैल पडतात. हे कसं, असं पोरं विचारतात. तुरीच्या पाट्यात साप दिसला तर तुम्हाला दोन्ही हवं असतं: रक्त जोरात फिरावं आणि हवा मोकळी यावी. निरोपात "आकुंचन पाव" किंवा "सैल हो" असं काही लिहिलेलं नसतं. हृदयाच्या घरात कॅल्शियमची दारं आहेत, फॉस्फेट लागल्यावर ती जास्त उघडतात. श्वासनळीच्या स्नायूत आकुंचन घडवणारी यंत्रणाच दबते. ज्या घरात जे सामान, त्याप्रमाणं काम. चरबीच्या पेशीत चरबी फुटते. आणि हृदयाचा ठेका धरणाऱ्या पेशींत तर सायक्लिक एएमपी कायनेजची वाटही बघत नाही, आयनांच्या दारावर स्वतःच जाऊन बसतं आणि ठेका वाढतो.

पायरी पाचवी: आता लाल पेन

कागदावर निळे बाण झाले. आता मोकळ्या जागा भरायच्या. घाई करू नका, या पायरीसाठीच हा लेख लिहायला घेतला.

संप्रेरक रिसेप्टरवरून सुटतं, रक्तात विरतं. हा वेशीवरचा लाल बाण. शिवाय बराच वेळ निरोप येत राहिला तर पेशी रिसेप्टरलाच फॉस्फेट लावून बहिरं करते, कधी आत ओढून घेते. रोज तोच भोंगा वाजणाऱ्या गावात लोकांनी लक्ष देणं सोडावं, तसं.

जी प्रोटीनचा अल्फा. याचा लाल बाण सगळ्यात सुंदर आहे. अल्फाच्या अंगातच घड्याळ असतं. त्यानं मुठीत धरलेला जीटीपी तो स्वतःच हळूहळू फोडून जीडीपी करतो. फुटला की अल्फा थंड होऊन बीटा-गॅमाकडं परततो. बाहेरून कुणी बंद करायला यावं लागत नाही. कामावर निघतानाच परतीचं तिकीट खिशात.

सायक्लेजला स्वतःचं घड्याळ नाही. अल्फा गेला की ते थांबतं, काही वेशींवर जीआयही त्याला दाबतं; त्याच्या मोकळ्या जागेत हेच लाल पेनानं लिहा.

सायक्लिक एएमपीचा लाल बाण पहिल्या पायरीत काढलाय, फॉस्फोडायएस्टरेज. सस्तन प्राण्यांत त्याची अकरा कुळं आहेत. पेशीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत वेगवेगळी बसलेली असतात, त्यामुळं दवंडी एका आळीत ऐकू येते आणि शेजारच्या आळीत पोचायच्या आधी विरते. माझी गावाची उपमा इथं जरा मोडते. खऱ्या आवाजाला असे खड्डे कुठं पडतात? पण उपमा कुठं मोडते ते कळणं हाही अभ्यासच.

आणि शेवटी कायनेजनं चिकटवलेले फॉस्फेट. ते फॉस्फेटेज नावाची एन्झाइमं काढून टाकतात. हा बाण दहातली नऊ मुलं विसरतात. सायक्लिक एएमपी संपलं म्हणून आधीच फॉस्फेट लागलेलं प्रथिन आपोआप शांत होत नाही. दवंडी थांबली तरी लोकांनी लावलेले दिवे कुणीतरी विझवावे लागतात. फॉस्फेट लावणं आणि काढणं या जोडीवर एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांना १९९२ चं नोबेल मिळालं.

पायरी सहावी: वैशाखातलं मूत्रपिंड

आता कागदावरची वाट एका खऱ्या अवयवात चालवून बघू. मी मूत्रपिंड निवडतो, कारण पाण्याचं मोल आपल्याला कुणी शिकवायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. घागरीत पाणी जपणारी माणसं आपण, पण अंगातलं पाणी कोण जपतं?

मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. बहुतेक सगळा परत घेतला जातो. शेवटचा हिशेब संग्राहक नलिकांत होतो. वैशाखात दुपारी उन्हातून आलात, घाम गेला, रक्त जरासं घट्ट झालं की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते कळतं. पिट्युटरीच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन सुटतं आणि तुम्हाला तहानही लागते. व्हॅसोप्रेसिन नलिकेच्या पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला, व्ही-टू नावाच्या रिसेप्टरवर बसतं. निळे बाण ओळीनं: जीएस, सायक्लेज, सायक्लिक एएमपी, कायनेज. पेशीच्या आत छोट्या पिशव्यांत पाण्याची दारं गुंडाळून ठेवलेली असतात, त्यांना ॲक्वापोरिन-२ म्हणतात. फॉस्फेट लागला की त्या पिशव्या मूत्राकडच्या पटलाला जाऊन मिसळतात, दारं तिथं बसतात आणि पाणी नलिकेतून पेशीत, पेशीतून रक्तात परत येतं. लघवी थोडी होते, गडद पिवळी होते. पाणी अगदी तुटलं तर दिवसाला साधारण अर्ध्या लिटरवर मूत्रपिंड भागवतं.

लाल बाण इथं डोळ्यांनी दिसतो. माठातलं दोन तांबे पाणी प्या. व्हॅसोप्रेसिन उतरतं, फॉस्फोडायएस्टरेज उरलेली वेटोळी कापतं, ॲक्वापोरिनची दारं पटलावरून काढून परत आत ओढली जातात. तासा-दीड तासात लघवीचा रंग फिका झालेला तुम्हीच बघाल. घरी करता येण्यासारखा याहून स्वस्त प्रयोग मला माहीत नाही.

पायरी सातवी: पटकी

जो रेणू मूत्रपिंडात पाणी वाचवतो, तोच आतड्यात सगळं पाणी ओतून देतो. घरातलं सामान वेगळं, आणि इथं एक लाल बाणही तुटलेला.

मराठवाड्यात कितीतरी गावांत मरीआईचं देऊळ गावाच्या कडेला, वेशीजवळ दिसेल. पटकीची साथ वेशीवरच अडावी म्हणून. रोग वेशीतच घडतो, हे पेशीच्या बाबतीत तरी शब्दशः खरं निघालं. पटकीचा जिवाणू आतड्याच्या पेशीत शिरत नाही. तो बाहेर राहून विष सोडतो. हे विषच मुळात रोग करतं, जिवाणू बाजूला काढून नुसता गाळलेला द्रवही पुरतो, हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर दाखवलं.

विषाचा एक तुकडा पेशीत पोचतो आणि जीएसच्या अल्फाला रासायनिक कुलूप लावतो. कुलूप कुठं? नेमकं त्या अंगातल्या घड्याळावर. अल्फा जीटीपी फोडू शकत नाही. परतीचं तिकीट फाटलं. आता अल्फा सायक्लेजला सोडतच नाही, संप्रेरक असो वा नसो. सायक्लिक एएमपी वाढत राहतं, फॉस्फोडायएस्टरेजला कापून उरकत नाही. कायनेज आतड्याच्या पोकळीकडची क्लोराइडची दारं उघडी ठेवतं, शिवाय मिठाचं नेहमीचं शोषण दबतं. क्लोराइड बाहेर, त्यामागं सोडियम, त्यामागं पाणी. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, वाईट अवस्थेत तासाला लिटरभरापर्यंत. त्या वेळी व्हॅसोप्रेसिनही मूत्रपिंडात जिवाच्या आकांतानं पाणी वाचवत असतं. एकाच शरीरात, एकाच रेणूकडून, एकीकडं नळ घट्ट आणि दुसरीकडं धरण फुटलेलं.

तुमच्या कागदावर अल्फाशेजारचा लाल बाण खोडा आणि पुढचे निळे बाण न थांबता गिरवत राहा. पटकी समजली.

पटकीवरचा उपायही याच कागदावर आहे. आतड्यात सोडियम आत घेणारं आणखी एक दार असतं, ते ग्लुकोज सोबत असेल तरच सोडियम घेतं. या दाराला सायक्लिक एएमपीच्या दवंडीशी देणंघेणं नाही. म्हणून नुसतं पाणी पाजून भागत नाही, नुसतं मीठ घालूनही नाही. मीठ आणि साखर दोन्ही हवीत, मग पाणी मागोमाग आत येतं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव इथं, डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइनच्या बाटल्या संपल्यावर ड्रमांत मीठ-साखरेचं पाणी कालवून वाटलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. सदरलँड यांच्या नोबेलचं वर्षही तेच. हा योगायोग वर्गात सांगितला की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

आत्ताच्या ओआरएसच्या पाकिटात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, सोबत पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. पाकीट मिळेना तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका. आणि असे पाण्यासारखे जुलाब सुरू झाले तर हे पाजत पाजतच दवाखाना गाठा.

पायरी आठवी: औषधं कागदावर ठेवून बघा

ही पायरी लवकर उरकेल, कारण कागद तयार आहे.

दम्याचा सालब्युटामॉलचा पंप: बाहेरून रिसेप्टरवर बसतो, ॲड्रेनॅलिनची नक्कल. निळा बाण. सरकीच्या, भुश्शाच्या धुळीत काम करणाऱ्या कुणाच्या खिशात तो तुम्ही पाहिला असेल.

थिओफिलीन: फॉस्फोडायएस्टरेजला दाबतं. वेटोळी टिकतात. म्हणजे लाल बाण अडवून तोच परिणाम साधायचा.

फॉर्स्कोलिन: भारतात वाढणाऱ्या कोलियस नावाच्या वनस्पतीच्या मुळातून मिळतं. रिसेप्टर आणि जी प्रोटीन दोघांना ओलांडून सरळ सायक्लेजला चेतवतं. प्रयोगशाळेत वेस टाळून हलगी वाजवायची असेल तर हेच वापरतात. सत्तरच्या दशकात भारतातल्या प्रयोगशाळांतून ते पुढं आलं.

चहा-कॉफीतलं कॅफिन: जुन्या नोट्समध्ये लिहिलेलं असतं की ते फॉस्फोडायएस्टरेज दाबून तरतरी आणतं. परीक्षानळीत जास्त प्रमाण घातलं तर ते दाबतंही. पण दोन कप चहानं तेवढं रक्तात येत नाही. तरतरी येते ती मुख्यतः ॲडेनोसिनच्या रिसेप्टरला कॅफिननं अडवल्यामुळं. नोट्समध्ये हे वाक्य दिसलं तर खोडा.

इन्सुलिन या साखळीत घुसवू नका. त्याचा रिसेप्टर वेगळ्या जातीचा आहे, तो स्वतःच कायनेज आहे. उलट चरबीच्या पेशीत इन्सुलिन एका फॉस्फोडायएस्टरेजला जागं करून सायक्लिक एएमपी कमी करतं, म्हणजे ते लाल पेनाच्या बाजूचं. सायक्लिक जीएमपी हा भाऊबंद आहे, पण घर वेगळं. नाव वाचताना ए आणि जी नीट बघा.

पायरी नववी: कागद उलटा ठेवून

कागद पालथा घाला आणि दुसऱ्या कोऱ्या कागदावर सगळं पुन्हा काढा. विसरलात तर आधी कुठला रंग विसरला ते बघा. माझ्या वर्गात तो जवळजवळ नेहमी लाल असतो.

मग हे कोडं घ्या. एका मुलाला जन्मापासून दिवसाला बादलीभर लघवी होते, सतत तहान. रक्तात व्हॅसोप्रेसिन भरपूर आहे, वरून दिलं तरी उपयोग नाही. व्ही-टू रिसेप्टर बिघडलेला आहे. त्याच्या नलिकेच्या पेशी बशीत वाढवल्या आणि त्यावर फॉर्स्कोलिन टाकलं, तर पाण्याची दारं पटलावर येतील का? येतील, वेस बंद असली तरी हलगीवाला धडधाकट आहे.

आता दुसरं मूल घ्या. लक्षणं अगदी तीच, पण रिसेप्टर ठणठणीत आणि बिघाड ॲक्वापोरिन-२ मध्येच. त्याच्या पेशींवर फॉर्स्कोलिन टाकलं तर सायक्लिक एएमपी वाढेल का, आणि पाणी परत येईल का? या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत. तोंडानं सांगू नका, कागदावर बोट ठेवून दाखवा.